सहावं कोर्ट

"कोच," अशी हाक आली
तेव्हा मी मागे वळून पाहिलं.
मागे नुसतं कुंपण होतं,
कुंपणाच्या जाळीत अडकलेला कापूस,
आणि त्यापलीकडे पश्चिम टेक्सासची सपाटी, सपाटीच.
हॅगर्टीबाई अजून व्हॅनमध्ये बसून
टायरच्या पैशांवरून कुणाशी तरी फोनवर भांडत होत्या.
म्हणजे हाक मलाच होती.

चार वर्षं मी याच सहाव्या कोर्टावर खेळले.
सहावं म्हणजे शेवटचं. पार्किंगला लागून, वाऱ्याच्या तोंडी.
प्रेक्षक म्हणजे कुणाचा तरी बाप आणि त्याचा कुत्रा.
इथेच माझा खांदा गेला.
तो आवाज कसा होता, मला कधी नीट सांगता आलं नाही.
काडी मोडते तसा नाही, कापड टरकतं तसाही नाही.
डॉक्टर म्हणाला, आवाज येतच नसतो.
येतो.

आता गळ्यात शिट्टी, खिशात व्हॅनची किल्ली,
पगार चारचौघांत सांगण्यासारखा नाही.
सकाळी सहाला नेटची उंची मोजते:
एक रॅकेट उभी, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं.
रात्रीतून साचलेली लाल धूळ रबरी फळीनं ढकलते,
दुपारी ती परत येऊन बसलेली असते.
संध्याकाळी रॅकेटांत तारा ओवते.
घाबरून खेळणारीची तार मधोमध तुटत नाही,
कडेला तुटते.
हे मला माझ्याच जुन्या रॅकेटांनी आधी सांगितलं होतं.

पहिल्या आठवड्यात टोपलीतून चेंडू दिले
तर एकाही मुलीला परतवता येईना.
हॅगर्टीबाई कॉफी ढवळत म्हणाल्या,
"बरं, जिंकलीस. आता त्यांना खेळू दे."

सातव्या वर्षापासून मला एकच ठाऊक:
चेंडू टाकायचा तो समोरची पोचणार नाही तिथे.
आणि आता तिच्यापुढे एक पाऊल,
कंबरेइतका उंच, न चिडलेला.
हात शिवशिवतो.
अजूनही एखादा सुटतोच कोपऱ्यात,
मग मी टोपलीत वाकून
चेंडू मोजल्यासारखं करते.

शनिवारी तीन-तीन.
बाकीची कोर्टं संपली, सहावं उरलं.
लुएला प्रुइट, अमारिलोची, अठराची,
तिसऱ्या सेटमध्ये चार-पाच.
बाजू बदलायला नव्वद सेकंद.
मी तिच्यासमोर उकिडवी बसले.
सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं:
वारा डावीकडून आहे, समोरचीचा बॅकहँड थकलाय, उंच टाक.
टॉवेलखालून तिनं विचारलं,
"तुम्ही काय केलं असतं?"

मी जीव खाऊन मारलं असतं.
बाहेर गेला असता.
तिला तेच सांगितलं.
ती हसली, किंवा नाकात धूळ गेली असेल.

चाळीस-चाळीस. एकच गुण, त्याच्यावर सगळं.
तिनं उंच, संथ, अगदी विचार करून टाकला.
वाऱ्यानं तो वीतभर बाहेर नेला.
समोरचीनं बोट वर केलं.
बाहेरच होता. मी पाहिला.

सगळ्या पांगल्यावर मी नेट सैल करत होते
तर ही टोपली ओढत आली,
डोळे सुजलेले, मोजे लालभडक धुळीचे.
"तुम्ही मारा," म्हणाली, "मी देते."
मी खांद्याकडे बोट दाखवलं.
"माहितीय," म्हणाली.
आणि पहिला चेंडू आला
माझ्यापुढे एक पाऊल, कंबरेइतका.

खांदा दुखला.
"पुढचा," मी म्हणाले.